दिवाळीला पणती, नाताळला रणगाडा

सौदीतल्या जुबैलला राहायला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी सकाळी मला शेजाऱ्यांच्या भांडणात पडावं लागलं. तसा मी भांडणात पडणारा माणूस नाही. आमच्या घरात भांडण झालं तरी मी शक्यतो बाजूला उभा राहून बघतो, मग ते माझ्याशीच चाललेलं का असेना. पण त्या दिवशी भिंतीपलीकडचे आवाज ऐकून माझ्या बायकोनं, मंजिरीनंच मला दाराबाहेर ढकललं. "मागून घ्या, मागून! अहो, मारा की आता!" असं एक पुरुष मराठीत ओरडत होता आणि दुसरा हिंदीत कळवळून सांगत होता, "साब, मैं जल रहा हूँ! मैं जल रहा हूँ!" ज्या गावात जिकडेतिकडे पेट्रोकेमिकलचे कारखाने आहेत, तिथं 'जल रहा हूँ' हे वाक्य कोणी थट्टेवारी नेत नाही.

मी बेल वाजवली. दार एका शांत बाईंनी उघडलं. हातात कोथिंबिरीची जुडी.

"नाही म्हणजे, सगळं ठीक आहे ना?" मी विचारलं.

"हो. युद्ध चाललंय," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

आत जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले. एकासमोर साठीला टेकलेले, चष्मा कपाळावर चढवलेले किडकिडीत गृहस्थ. हे घैसास. दुसऱ्यासमोर दाढीवाले, रुंद खांद्यांचे, खुर्ची पुरत नसलेले जावेदभाई. दोघांपैकी कोणीही वर पाहिलं नाही. घैसास म्हणाले, "बसा. हा फ्रेंच जरा टेकडीपलीकडे गेला की बोलू."

फ्रेंच गेला नाही. पुढच्याच क्षणी घैसासांचा रणगाडा उडाला, जावेदभाईंनी कोणी गेल्यावर म्हणतात ते "इन्ना लिल्लाह" म्हटलं, आणि मग घैसास माझ्याकडे वळून अतिशय सौजन्यानं म्हणाले, "हं, आपण कोण?"

शुक्रवार म्हणजे आमचा सुट्टीचा वार. नाश्त्यापासून जुम्म्याच्या नमाजापर्यंत घैसासांच्या टेबलावर हा रणगाड्यांचा खेळ चालायचा. जावेदभाई चीमा सियालकोटकडचे, कारखान्यात रिगिंग सुपरवायझर. म्हणजे क्रेननं अवजड यंत्रं उचलताना ज्याच्या हाताच्या खुणेवर सगळे श्वास रोखून उभे असतात तो माणूस. कुटुंब गावाकडे, स्वतः कंपनीच्या बॅचलर ब्लॉकमध्ये. घैसासांची आणि त्यांची ओळख एका शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या वेळी झाली आणि तेव्हापासून खेळात दोघांची जोडी. घैसास पुढे, जावेदभाई पाठीशी. सुनंदावहिनी, म्हणजे दार उघडणाऱ्या त्या शांत बाई, दोघांना थालीपीठ वाढायच्या. जावेदभाई त्याला 'मरहट्टी पराठा' म्हणायचे आणि वहिनींनी तोंड उघडायच्या आत तिसरं मागायचे. यथावकाश या पलटणीत माझीही भरती झाली. माझं काम सोपं होतं. पहिल्यांदा मरायचं. शत्रू कुठं लपलाय हे त्यावरून कळायचं.

"पाटणकर," घैसास मला म्हणायचे, "तुमच्यासारखा माणूस प्रत्येक सैन्यात लागतो. फार नाही, एकच."

घैसास इन्स्ट्रुमेंटचे इंजिनिअर. दाबमापकाचा काटा वाचण्याआधी त्याच्या काचेवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, म्हणजे अडकलेला काटा सुटतो, ही या लोकांची जुनी सवय. घैसासांच्या ती अंगात मुरली होती. कलिंगड असो, फ्रीज असो, बँकेचं मशीन असो, टकटक केल्याशिवाय ते कशावरच विश्वास ठेवत नसत. एकदा मी मंजिरीच्या माहेराबद्दल, तिच्यादेखत, काहीतरी फार हुशारीचं बोललो. घैसास उठले, माझ्या कपाळावर टकटक केली आणि म्हणाले, "काटा अडकलाय तुमचा." मंजिरी तेव्हापासून त्यांना घरचं माणूस समजायला लागली.

ते मूळचे नगरचे. तिथं लष्कराचं रणगाड्यांचं केंद्र आहे, आणि इतर गावांतली पोरं ट्रॅक्टर ओळखतात तशी तिथली पोरं रणगाडे ओळखतात. घैसासांच्या शाळेवरून सरावाला जाणारे रणगाडे जायचे. खिडक्या थडथडायच्या, बाई पाढा मध्येच थांबवायच्या, आणि रांग संपली की वर्गाला विचारायच्या, "कुठं होतो आपण?" घैसास म्हणायचे, "मला अजून तेराचा पाढा निम्माच येतो. त्याच वेळी विजयंता जायचा." विजयंता हा आपल्याकडे बनलेला जुना रणगाडा. त्याचं नाव घेताना त्यांचा आवाज, इतर लोक गावच्या यात्रेबद्दल बोलताना होतो, तसा व्हायचा.

आणि हाच विजयंता त्यांना खेळात कधी मिळाला नव्हता.

इथं जरा खेळाचं सांगायला हवं. आमची सई तेव्हा नववीत होती. तिच्या मते मी ते सांगूच नये. "बाबा, प्लीज, यू डोन्ट इव्हन नो हाऊ टू रिव्हर्स." तरी सांगतो. या खेळात प्रत्येक देशाचे रणगाडे असतात. अमेरिका, रशिया, जर्मनी, ब्रिटन हे यजमान. भारताचे चार रणगाडे ब्रिटनच्या पंगतीत अगदी शेवटी, वाढप्याला दिसणार नाहीत असे बसवलेले. पाकिस्तान तर 'इतर' नावाच्या मांडवाबाहेरच्या गर्दीत. आणि सणावाराला कंपनी बक्षिसं वाटते. एक देश निवडायचा, त्याच्या बाजूनं लढाया जिंकायच्या, की खोकी मिळतात. खोक्यात काय निघेल ते तुमचं नशीब.

घैसासांचं म्हणणं असं, की हे नशीब पासपोर्ट बघून येतं.

"मला सांगा पाटणकर. नाताळ आला. अमेरिकेकडून खेळलात, काय मिळालं? अख्खा रणगाडा. बर्फाच्या रंगाचा, वर दिव्यांची माळ. रशियाच्या नववर्षाला? अख्खा रणगाडा. आता दिवाळी आली. आपल्याला काय मिळालं?"

मी म्हटलं, "काय मिळालं?"

"पणती."

"म्हणजे?"

"पणतीचं चित्र. रणगाड्यावर चिकटवायला. स्टिकर!"

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "अहो, पणतीनं निदान उजेड तरी पडतो."

जावेदभाईंना मात्र या दुःखात वेगळीच खोच दिसायची. "साब, आप तो शुक्र करो. आपको दीया तो मिला. हमारी ईद पे क्या आया? एक लाइन. ईद मुबारक. वो भी ईद गुज़र जाने के बाद."

"पर जावेदभाई, लाइन में आदर है. स्टिकर में नहीं है."

"तो बदल लो साब. आप लाइन ले लो, मुझे दीया दे दो."

कोणावर जास्त अन्याय झालाय यावर दोघांचं सकाळभर चालायचं. हरायची कोणाचीच तयारी नसे. दोन देशांमधली एवढी सलोख्याची चढाओढ मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

घैसास खेळाच्या कंपनीला तक्रारी लिहायचे. साध्या नाही. कारखान्यातल्या बिघाडाच्या अहवालासारख्या. घटना, निरीक्षण, संभाव्य कारण, सुचवलेली उपाययोजना. उत्तर दर वेळी एकच यायचं. 'प्रिय कमांडर, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' घैसासांना उत्तरातला पोकळपणा कळायचा, पण 'कमांडर' वाचून ते थोडे विरघळायचे हेही खरं. वहिनींनी ते बरोबर हेरलं होतं. "कमांडर, दूध संपलंय," असं त्या म्हणाल्या की घैसास निमूटपणे चपला घालायचे.

एका नाताळात त्यांनी रीतसर प्रयोग केला. तिघांनी तीन देशांकडून खेळायचं, सारख्या लढाया, सारखा वेळ, आणि कोणाला काय मिळतं ते बघायचं. घैसास अर्थात भारताकडून. जावेदभाई अमेरिकेकडून. मला जर्मनी. "तुमच्याकडून कौशल्याचा प्रभाव पडण्याची भीती नाही," घैसास म्हणाले. "प्रयोगाला असाच माणूस लागतो."

मी जर्मनीची अब्रू घालवली. एकदा आपल्याच माणसाला गोळी घातली, एकदा पुलावरून खाली पडलो, एकदा तर लढाई सुरू झाल्यावर मंजिरीनं हाक मारली म्हणून कचरा टाकायला गेलो आणि परत आलो तेव्हा आम्ही जिंकलो होतो. शेवटी खोकी उघडली. घैसासांना शिरस्त्राण घातलेलं बदक मिळालं. म्हणजे बदकाचं चित्र. जावेदभाईंना थोडं पेट्रोल. आणि मला सोनेरी कडांचा, सणाचा खास, झगझगीत रणगाडा.

मला खरं तर आनंद झाला होता. आयुष्यात मला सोडतीत काही लागलेलं नाही. पण घैसासांनी माझ्या स्क्रीनवर टकटक केली आणि जावेदभाईंकडे वळून, वकिलानं साक्षीदार दाखवावा तसा मला दाखवला. "देखो. ये आदमी कचरा फेंकने गया था."

"साब, क़िस्मत है."

"क़िस्मत नहीं, जर्मनी है."

आता हे सगळं वाचून घैसास म्हणजे जिथं तिथं हक्कासाठी भांडणारे गृहस्थ असं कोणाला वाटेल. मलाही वाटायचं. पण कारखान्यात हा माणूस वेगळा होता. आमच्याकडे त्याच कामाला कोण कुठून आलाय यावर पगाराचा आकडा ठरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. घैसासांच्या शेजारच्या टेबलावर एक युरोपातला तरुण इंजिनिअर होता. काम घैसासांकडून शिकायचा. राहायला समुद्रकिनारी बंगला, वर्षातून दोनदा घरी जायला तिकीट. घैसास त्याला मन लावून शिकवायचे. एकदा कंपनीच्या बसमधून येताना मी न राहवून विचारलं, "त्याबद्दल कधी लिहावंसं नाही वाटलं?"

घैसास खिडकीबाहेर बघत होते. कारखान्यांच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसत होत्या.

"ते वाचून सही केली होती मी, पाटणकर. आकडा समोर होता. नको असता तर नगरला राहिलो असतो." मग जरा थांबून म्हणाले, "खेळात कुठे सही केली होती?"

उतरताना ते आपलं आपणच म्हणाले, "एक तरी जागा असावी की नाही, जिथं सगळ्यांना एकच माप आहे?"

घैसासांची जुबैलमधली शेवटची थंडी आली. निवृत्ती ठरली होती, मार्चमध्ये इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपायचा होता, वहिनींनी पितळी डबे कागदात गुंडाळायला घेतले होते. आणि डिसेंबरात एका शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे मरायला म्हणून शेजारी गेलो, तर घैसास टेबलापाशी उभे होते. जावेदभाई त्यांच्या खांद्यावरून वाकून स्क्रीन बघत होते.

या वर्षीच्या सणाच्या बक्षिसात विजयंता होता. स्टिकर नव्हे. अख्खा रणगाडा.

"माझ्या तक्रारीतला परिच्छेद जसाच्या तसा घेतलाय," घैसास म्हणाले. तसं काही मला दिसलं नाही, पण मी मान डोलावली. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच का तो? पाढे बुडवणारा?" जावेदभाईंनी घैसासांना मिठी मारली आणि जवळजवळ उचललंच.

मग दोघांनी खालचं वाचलं.

या वर्षी सणाचा विषय होता जुन्या लढाया. जुने शत्रू समोरासमोर. विजयंता हवा असेल तर भारताच्या बाजूनं ठरलेल्या लढाया जिंकायच्या, आणि समोर पाकिस्तान. पाकिस्तानच्या बाजूनं जिंकणाऱ्यांनाही त्यांचा एक रणगाडा. एकदा बाजू निवडली की सण संपेपर्यंत बदलता येणार नाही. आणि दोन बाजूंच्या माणसांची जोडी जमणार नाही.

घैसासांनी स्क्रीनवर टकटक केली. अक्षरं तीच राहिली.

"तो तुम इधर आ जाओ," घैसास शेवटी म्हणाले. "हमने पाटणकर को जर्मन बनाया था. उसमें क्या है?"

जावेदभाई हसले, पण डोळ्यांनी नाही. "आ जाता साब. किसी और साल होता तो आ जाता. पर पहली बार हमारा झंडा लगा है. 'इतर' से बाहर निकले हैं." मग हळूच, "आप उधर आ जाओ?"

घैसासांनी विजयंताच्या चित्राकडे पाहिलं. त्यांना नाही म्हणवेना आणि हो म्हणणं शक्यच नव्हतं. जावेदभाईंनी ते ओळखलं. लॅपटॉप मिटला, वहिनींना "भाभीजी, आज जल्दी है" म्हणाले आणि निघाले. पहिलं थालीपीठ अजून तव्यावर होतं.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. बरोबरच होतं म्हणा. एकाच टेबलावर शत्रू बनून बसायचं म्हणजे एकमेकांच्या पडद्यात डोकावल्यासारखं झालं असतं. घैसास एकटे खेळायचे. मी भारताकडून भरती झालो होतो, पण मी म्हणजे काही सोबत नव्हे. भिंतीपलीकडून आता आरडाओरडा यायचा नाही. मंजिरी म्हणाली, "मला तर ती शांतताच सहन होत नाहीये." वहिनी पीठ मात्र तेवढंच भिजवायच्या. जास्तीची थालीपीठं डब्यात घालून त्यांनी मला बॅचलर ब्लॉकवर धाडलं. शांतिदूत म्हणून माझी निवड का झाली मला माहीत नाही. बहुधा मी गेलो काय आणि राहिलो काय, युद्धाला फरक पडत नाही हे सिद्ध झालं होतं म्हणून.

जावेदभाईंनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "साब का कितना हुआ?"

"जिंक रहे हैं," मी म्हटलं. माझं हिंदी असंच आहे.

"मेरा तो गया. शटडाउन में नाइट लगी है, बैठ ही नहीं पाया." ते जरा घुटमळले. "साब बाईं तरफ़ नहीं देखते. मैं देखता था उधर. आप देखना."

मी घैसासांना निरोप सांगितला. ते म्हणाले, "मला माहीत आहे बाईं तरफ काय असतं ते." आणि पुढच्या लढाईत डावीकडूनच मेले.

तरी हळूहळू त्यांचं गाडं पुढे सरकलं. सण संपायच्या शेवटच्या शुक्रवारी एकच विजय बाकी राहिला होता. सकाळी मी, मंजिरी, आणि चक्क सईसुद्धा घैसासांकडे जाऊन बसलो. वहिनींनी देवापुढे निरांजन लावलं, मग जरा ओशाळून म्हणाल्या, "शुक्रवार आहे म्हणून लावलं."

पहिल्या लढाया हरलो. त्यात माझा वाटा मी नाकारत नाही. दुपारी मुदत संपणार होती. ही शेवटची, असं म्हणून घैसासांनी बटण दाबलं, आणि शत्रूच्या यादीत सईनं बोट ठेवलं. "काका, लुक. चीमा सियालकोट. इट्स जावेद अंकल."

घैसासांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

मी रिवाजाप्रमाणे लवकर मेलो. मग खेळ आपल्याला उरलेल्यांची लढाई बघू देतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. नदीकाठचं गाव, ऊस वाटावा अशी काहीतरी शेती, धूर. एकेक गडी पडत गेला. शेवटी दोन्ही बाजूंना एकेकच उरला. आमच्याकडून घैसास. तिकडून जावेदभाई.

घैसास एका पडक्या घराच्या आडोशाला थांबले. समोरच्या झाडीतून जावेदभाईंचा रणगाडा बाहेर आला. सावकाश. उघड्यावर येऊन थांबला आणि त्यानं चक्क आडवं वळून कुशी समोर केली. रणगाड्याची कुशी नाजूक असते, हे मलासुद्धा माहीत आहे. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. 'मारो साब.'

"काका, शूट!" सई ओरडली.

घैसासांचं बोट बटणावर होतं. तोफ रोखलेली होती. मी पाहत होतो. बोट काही खाली जाईना. त्यांनी दुसऱ्या हातानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'ऐसे नहीं.'

'टाइम नहीं है साब. ले लो.'

'ऐसे नहीं.'

मग जावेदभाईंनी जे केलं ते त्यांनाच सुचावं. आयुष्यभर वजनं उचलून नेमकी जागच्या जागी ठेवलेला माणूस. त्यांनी रणगाडा वळवला आणि सरळ नदीकडे चालवायला सुरुवात केली. पाण्यात बुडाला की त्यांचा शेवटचा गडी संपणार, आणि गोळी न झाडता घैसास जिंकणार.

मला वाटलं, झालं. मिळाला विजयंता. मंजिरीनं माझा दंड धरला. आणि त्याच क्षणी घैसासांनी रणगाडा पुढे दामटला. पडकं घर फोडून बाहेर, शेतातून आडवे, उतारावरून थेट नदीच्या काठाला. जावेदभाईंच्या पुढ्यात जाऊन आडवे उभे.

'साब हटो.'

'नहीं.'

'हटो ना साब.'

जावेदभाई ढकलताहेत आणि घैसास चिखलात पाय रोवल्यासारखे उभे. दोन रणगाडे काठावर एकमेकांना रेटताहेत. मेलेल्या मंडळींचा खाली शिव्यांचा पाऊस, चार भाषांत. सई खुर्चीवर उभी. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या पुटपुटल्या, "अहो, येऊ द्या त्यांना मागे, येऊ द्या." कोणाबद्दल म्हणत होत्या कळलं नाही.

वेळ संपली. लढाई बरोबरीत. सण संपला. विजयंता गेला.

घैसास मागे टेकून बसले. घामानं सदरा भिजला होता. मी म्हटलं, "अहो, तो स्वतःच जात होता की. तुम्ही काही करायलाच नको होतं."

"माणूस पाण्यात चाललेला दिसला तर आधी धरायचं. मग विचारायचं," ते म्हणाले. कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात तेच.

जरा वेळानं दोघांनाही कंपनीचं पत्र आलं. एकमेकांशी संगनमत केल्याबद्दल दोघांची खाती काही दिवस बंद. जावेदभाईंनी फोनवरून आपलं पत्र वाचून दाखवलं आणि घैसासांनी आपलं. शब्दाला शब्द. एक स्वल्पविरामही कमीजास्त नाही.

घैसासांनी पुन्हा वाचायला लावलं. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खदखदून हसले. "जावेदभाई, दोनों को बराबर! एकदम बराबर दिया!"

"मुबारक हो साब," पलीकडून आवाज आला. "आख़िर इंसाफ़ मिला."

मार्चमध्ये घैसास नगरला गेले. विमानतळावर जायचं त्या दिवशी मी शटडाऊनच्या कामावर अडकलो होतो, त्यामुळे निरोप असा झालाच नाही. पण मला ते दिसतात ते त्या बंदीतल्या शुक्रवारचे.

साखर मागायला गेलो होतो. दार उघडंच होतं. टेबलावर लॅपटॉप नव्हते. जावेदभाई आले होते. खेळ बंद, तर करायचं काय हे दोघांनाही कळत नव्हतं, म्हणून वहिनींनी मटारच्या शेंगांची पिशवी रिकामी करून मध्ये परात ठेवली होती. दोघे सोलत होते. सियालकोटचा मटार गोड की नगरचा, यावर कडाक्याचं चाललं होतं. दाण्यांपेक्षा सालंच जास्त दिसत होती, कारण पुराव्यादाखल दोघेही खात होते.

नमाजाची वेळ झाली तसे जावेदभाई उठले, हात झटकले.

"वापस आना," घैसास म्हणाले. "अभी बहुत बाकी है."

"आता हूँ साब."

ते जिना उतरून गेले. घैसास तसेच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून, समोर शेंगांचा ढीग. मला त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अहो, सोला की तोवर," आतून वहिनी म्हणाल्या.

"थांब गं. त्यांना येऊ दे."